विदर्भाचा मतदानकल : निकाल आणि कल यांतील भेद

महाराष्ट्राच्या निवडणुकांचे निकाल राज्याच्या पातळीवर वाचण्याची आपली सवय जुनी आहे. ती किती अपुरी आहे, हे २०२४ च्या दोन निवडणुकांनी स्पष्ट केले. लोकसभेच्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० व महायुतीला १७ जागा मिळाल्या. परंतु दोन्ही पक्षसमूहांच्या मतांचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. पुढे सहा महिन्यांच्या आत विधानसभेच्या २८८ जागांपैकी महायुतीतील तीन प्रमुख पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या. मतदार एवढ्या अल्पावधीत एवढा बदलला काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना निकाल व कल यांत भेद करावा लागतो. प्रस्तुत लेखात विदर्भाच्या उदाहरणावरून हा भेद विशद करण्याचा प्रयत्न केला आहे.

१९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात पहिली निवडणूक झाली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जबर धक्का दिला. विदर्भ मात्र बहुतांशी काँग्रेसबरोबर राहिला. १९७७ साली मुंबईतील सहाही लोकसभा मतदारसंघ काँग्रेसच्या हातून गेले आणि राज्यात त्या पक्षाला ४८ पैकी २० च जागा मिळाल्या. तरीही विदर्भाने त्याची साथ सोडली नाही. १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने मिळवलेल्या ६२ जागांतही विदर्भाचा वाटा मोठा होता. मध्यंतरी, १९७१ साली, नागपूरने स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते जांबुवंतराव धोटे यांना लोकसभेवर पाठविले, हा अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. निष्ठेच्या पोटात असंतोष होता, असे त्यावरून म्हणावे लागेल.

या एकनिष्ठेचे फळ काय मिळाले? दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालानुसार राज्याच्या एकूण विकास-अनुशेषापैकी सुमारे ३९ टक्के अनुशेष एकट्या विदर्भाचा होता. या दोन गोष्टींत थेट कार्यकारणभाव आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही. तथापि, ज्या प्रदेशाचे मत सत्ताधाऱ्यांना गृहीत धरता येते, त्याची सौदाशक्ती अल्प राहते, हा तर्क दुर्लक्षिण्याजोगा नाही.

१९९० नंतर चित्र पालटू लागले. नागपूर मतदारसंघातून १९८४ व १९८९ साली काँग्रेसतर्फे निवडून आलेले बनवारीलाल पुरोहित १९९६ साली भारतीय जनता पक्षातर्फे विजयी झाले. पण येथे घाईने अनुमान काढणे धोक्याचे आहे. १९९६ साली राज्यात १५ लोकसभा जागांवर आलेली काँग्रेस १९९८ साली ३३ जागांवर गेली. दोन वर्षांत मतदारांचे मन आमूलाग्र पालटले असे मानण्याऐवजी, काँग्रेसने रिपब्लिकन गटांशी केलेला समझोता ध्यानी घ्यावा लागतो. त्या वर्षी निवडून आलेल्या चार रिपब्लिकन खासदारांपैकी तिघे — अकोल्याचे प्रकाश आंबेडकर, अमरावतीचे रा. सू. गवई व चिमूरचे जोगेंद्र कवाडे — विदर्भातील होते. पूर्वी विभागलेली मते एकत्र आली, एवढेच पुष्कळ अंशी घडले होते. नागपूरही पुन्हा काँग्रेसकडे गेले व २०१४ पर्यंत तेथेच राहिले.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने विदर्भातील ६२ पैकी ४४ जागा जिंकल्या. हा आकडा डोळे दिपवणारा खरा. परंतु त्या वेळी दोन्ही आघाड्या फुटून लढती चौरंगी झाल्या होत्या, आणि राज्यात सुमारे २८ टक्के मतांवर त्या पक्षाला १२२ जागा मिळाल्या होत्या. २०१९ साली शिवसेनेशी युती करून कमी जागा लढविल्यावर विदर्भातील संख्या २९ झाली. शिवाय २००८ च्या पुनर्रचनेने विदर्भाच्या विधानसभा जागा ६६ वरून ६२ वर आल्या व मतदारसंघांच्या सीमाही बदलल्या. म्हणून त्यापूर्वीच्या व नंतरच्या जागांची सरळ तुलना करता येत नाही.

आघाड्यांची मांडणी व सीमांचे फेरफार वजा केल्यावर जे उरते, त्यालाच कल म्हणावे. विदर्भाच्या बाबतीत असे काही निश्चितपणे उरते. इतर मागासवर्गीय समाजांत भाजपने निर्माण केलेला आधार टिकून आहे. मात्र काँग्रेसचा जुना पायाही नष्ट झालेला नाही: २०१४ साली विदर्भात एकही लोकसभा जागा न मिळालेल्या काँग्रेसचा समावेश असलेल्या आघाडीने २०२४ साली तेथील दहापैकी सात जिंकल्या. म्हणजे एका पक्षाचा बालेकिल्ला ढासळून दुसऱ्याचा उभा राहिला असे नव्हे, तर बालेकिल्ल्याची अवस्थाच संपुष्टात आली आहे.

‘विदर्भ’ हे एकक तरी कितपत एकजिनसी आहे? अमरावती विभागातील कापूस-सोयाबीनचा शेतकरी, भंडारा-गोंदियाचा धान उत्पादक, चंद्रपूरचा खाणकामगार आणि गडचिरोलीचा आदिवासी यांचे प्रश्न भिन्न आहेत. जातीनिहाय मतदान अधिकृत आकडेवारीत नोंदले जात नाही; म्हणून अभ्यासकाने मतदान-केंद्रनिहाय आकडे पाहावेत, मतांचे प्रमाण जागांआधी तपासावे आणि लागोपाठच्या किमान तीन निवडणुका एकत्र वाचाव्यात.

मतदाराला गृहीत धरण्याची चूक पक्षांनी पूर्वी केली आहे. तीच चूक संशोधकाने करू नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.