विजेचे बिल : हातातला खर्च

भंडारा जिल्ह्याची जुनी ओळख पितळेच्या भांड्यांची. स्टीलची भांडी आली आणि हा बाजार आकसला. तांबे-जस्ताचे भाव ठरविणे ना कारागिराच्या हाती, ना दुकानदाराच्या. विजेचे बिल मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. तरीही आपण ते न वाचताच भरून मोकळे होतो.

हिशेब सोपा आहे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट जळते. एका दुकानात चार ट्यूबलाइट व तीन पंखे रोज दहा तास चालतात असे धरू. जुनी ट्यूब चोकसह सुमारे 52 वॅट घेते, एलईडी ट्यूब 20. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा 30. सर्व बदलल्यास 26 दिवसांत सुमारे 68 युनिट वाचतात. आपल्या बिलातील दराने गुणून पाहा. भांडवल अडकविण्याचे कारण नाही. जो पंखा सर्वात जास्त तास चालतो, तो आधी बदलावा. छताच्या पंख्यावर 2023 पासून स्टार लेबल सक्तीचे आहे, ते पाहूनच घ्यावा. एसी असल्यास 24 अंशांवर ठेवावा. एक अंश वाढविला की सुमारे 6 टक्के वीज वाचते.

पॉलिशची मोटर चालविणाऱ्या कारागिरांनी माल संपताच ती बंद करावी. रिकामी मोटरही वीज खाते. पट्टा सैल नाही ना, बेअरिंगला ग्रीस आहे ना, हेही पाहावे.

आता शाळा. रिकाम्या वर्गात फिरणारे पंखे आम्ही अनेकदा पाहिले आहेत. प्रत्येक वर्गात एका विद्यार्थ्याला बटणांची जबाबदारी द्यावी. विदर्भाच्या उन्हात स्लॅब तापतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. खिडक्यांसमोरची कपाटे हलवावीत, दिवसा दिवे लागणार नाहीत. संस्थाचालकांनी बिलावरील वर्गवारीही तपासावी. शाळांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ ही वेगळी वर्गवारी आहे. बिल व्यापारी दराने येत असेल तर महावितरणकडे लेखी अर्ज करावा.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी 2007 मध्ये संहिताही आली. लहान दुकानाला त्याची वाट पाहण्याची गरज नाही. मागील बारा महिन्यांची बिले काढा, युनिट एका कागदावर उतरवा आणि पुढील महिन्यापासून तुलना करा. धंद्यात वाचलेला रुपया हा कमावलेलाच रुपया असतो.