तिसावा घात

सकाळी 6. करंजाडेत आमच्या इमारतीला जाग येते ती पाण्याच्या मोटरने. पिंप भरेपर्यंत चहा होतो आणि लॅपटॉप उघडून रात्रभर चालू ठेवलेल्या गणिताचा निकाल पाहता येतो. गणित केशवाहिन्यांच्या जाळ्याचं. नळ्या 5 ते 8 मायक्रॉन रुंद, साधारण मिलिमीटरभर लांब. त्यातून जाणारी तांबडी पेशी स्वतःच 8 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तिला दुमडूनच आत शिरावं लागतं. निरोगी पेशी निमूट दुमडते. मी गणित मांडते ते सिकलसेलच्या पेशीचं, तिचा भरवसा नाही.

7:30. डबे, मुलीची स्कूलबस.

9. आता खरं काम. ऑक्सिजन सोडल्यावर सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जुळून ताठ धागे होतात आणि पेशी कडक होते. मात्र लगेच नाही. आधी काही वेळ जणू काहीच घडत नाही, मग सगळं एकदम. हा विलंबकाळ विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत मोजला. केशवाहिनी पार करायला पेशीला एखादा सेकंद लागतो. विलंबकाळ त्याहून मोठा असेल तर ती शिरेत निसटते, फुफ्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते. लहान असेल तर वाटेतच अडकते. पाठ्यपुस्तकं विळ्याच्या आकाराचं चित्र काढून थांबतात. माझ्या मते आकारापेक्षा ही वेळेची झटापट महत्त्वाची.

11. पेशी अडली तर आजूबाजूच्या ऊतकाला किती ऑक्सिजन कमी पडेल? इथे 1919 सालचं समीकरण कामी येतं. ऑगस्ट क्रोग यांनी प्रत्येक केशवाहिनीभोवती ऊतकाचा एक दंडगोल कल्पिला. त्याचं गणित करून दिलं एर्लांग यांनी, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या गणितज्ञाने! एकाच वेळी येणाऱ्या कॉलसाठी किती लाइन लागतील, हा त्यांचा रोजचा प्रश्न. पुढच्याच वर्षी क्रोग यांना नोबेल मिळालं. दंडगोल मी अजून वापरते, पण फक्त पहिल्या पायरीला. खऱ्या जाळ्यात फाटा आला की जिकडे प्रवाह जोराचा तिकडे पेशी वाट्यापेक्षा जास्त जातात, आणि दुसऱ्या फांदीत कधीकधी नुसता प्लाझ्मा वाहतो. दंडगोलांना हे कळत नाही.

1. वरण-भात.

2:30. नंदुरबारकडच्या एका डॉक्टरबाईंचा फोन. सिकलसेल तिकडे, मेळघाटात, गडचिरोलीत घरोघरी माहीत असलेला आजार.

"मॅडम, तुमच्या आकड्याचं मी वॉर्डात काय करू?"

प्रश्न रास्त होता. मी तिसावा घात सांगितला. शुद्ध हिमोग्लोबिनच्या द्रावणात मोजलं तर विलंबकाळ हा त्याच्या दाटपणाच्या साधारण तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पेशीतलं पाणी कमी होऊन हिमोग्लोबिन 5 टक्क्यांनी दाट झालं, की विलंबकाळ चौथ्या हिश्शाच्याही खाली येतो. 10 टक्क्यांनी झालं तर सतराव्या हिश्शावर.

"म्हणजे आम्ही 'पाणी भरपूर पी' म्हणतो तेच की."

"तेच. फक्त थोडं कमी चालेल, असं म्हणू नका."

"उसाच्या फडात कुठलं हो पाणी!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

4. त्यांनी जाताजाता एक कामाची गोष्ट सुचवली. सिकलसेलवरचे बरेच आकडे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून आलेले आहेत. आपल्याकडे अरब-भारतीय प्रकार आढळतो. त्यात जन्मानंतरही गर्भातलं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी टिकून राहतं. हे हिमोग्लोबिन धाग्यात नीट बसत नाही, त्यामुळे विलंबकाळ लांबतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळीही मुख्यतः तेच वाढवते. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं 1958 साली. इतक्या वर्षांनंतर माझ्या प्रोग्राममध्ये मात्र परदेशी सरासरीच बसलेली! ती काढली.

6. मुलीचा गृहपाठ, भाजी.

9:30. नुसती सरासरी बदलून भागत नाही, हे जेवताना लक्षात आलं. गर्भातलं हिमोग्लोबिन सगळ्या पेशींत सारखं वाटलेलं नसतं. काहींत भरपूर, काहींत जवळजवळ नाही, आणि वाट अडवायला त्या थोड्याच पेशी पुरतात. म्हणून आता प्रत्येक पेशीला तिचा स्वतःचा आकडा द्यायचा. गणना कितीतरी पटींनी लांबेल, लॅपटॉप तापेल. आजच्या रात्री जाळं अर्धंच घेतलंय, फक्त स्नायूचं.