पंचवीस मिनिटांत एक महाराष्ट्र

५ एप्रिल २०२० च्या रात्री पावणेनऊ ते नऊ वाजून दहा मिनिटं एवढ्या वेळात भारताची विजेची मागणी ३१,०८९ मेगावॉटने खाली आली. ऐन उन्हाळ्यात सबंध महाराष्ट्राची कमाल मागणी ३०,००० मेगावॉटच्या आसपास असते. म्हणजे कारखाने, कृषिपंप, लोकल गाड्या, घरोघरचे पंखे आणि फ्रीज यांच्यासकट महाराष्ट्राएवढं एक राज्य पंचवीस मिनिटांत ग्रिडवरून नाहीसं झालं आणि लगेच परतही येऊ लागलं. एवढं होऊनही ग्रिड कुठेही कोसळलं नाही.

टाळेबंदीचे दिवस होते. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावा, असं आवाहन पंतप्रधानांनी केलं होतं. मागणी सुमारे १३,००० मेगावॉटने उतरेल, असा विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या भार प्रेषण केंद्रांतल्या अभियंत्यांचा अंदाज होता. ती उतरली त्याच्या दुपटीहून जास्त. अंदाज एवढा चुकूनही काही बिघडलं नाही, ही मला त्या रात्रीची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. त्या रात्रीची आठवण पणत्यांची राहिली, ग्रिड सांभाळण्याच्या या कामाची फारशी राहिली नाही.

हे काम किती अवघड होतं हे समजायला ग्रिडचा स्वभाव पाहावा लागतो. तारांमध्ये वीज साठत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते, त्याच क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २,५०,००० मेगावॉटवर गेली होती, तेव्हाही हा हिशेब क्षणोक्षणी जुळत होता. २२० केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांची देशातली लांबी आज ४ लाख ८० हजार सर्किट किलोमीटरच्या पुढे आहे. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. या जाळ्याला जोडलेली औष्णिक केंद्रांतली जनित्रं मिनिटाला ३,००० फेरे घेतात, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी एकाच तालात फिरतात. शेकडो जणांच्या लेझीम पथकात एकाचा ठेका चुकला की शेजारच्याचा चुकतो, तसंच इथेही आहे. हा ताल म्हणजे फ्रिक्वेन्सी, सेकंदाला ५० आवर्तनं. मागणी वाढली की ती खाली सरकते, मागणी घटली की वर जाते. ती फार भरकटली तर यंत्रं वाचवण्यासाठी संच आपोआप ट्रिप होतात. या फिरत्या लोखंडात साठलेली ऊर्जा सबंध देशाला पुरेल ती जेमतेम काही सेकंद. चूक सुधारायला निसर्गाने दिलेली सवलत एवढीच.

५ एप्रिलला फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ यांच्यातच राहिली. हे साधलं पाण्यामुळे. कोळशाच्या बॉयलरला भार कमीजास्त करायला वेळ लागतो. धरणाच्या पाण्यावर चालणारा संच मात्र काही मिनिटांत उतरतो आणि चढतो. म्हणून त्या संध्याकाळी औष्णिक संच आधीच खाली आणून ठेवले होते आणि जलविद्युत मुद्दाम चढवली होती, वेळ येताच ती झटकन उतरवता यावी म्हणून. पावणेनऊला देशभरची जलविद्युत २५,५५९ मेगावॉट होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी ती ८,०१६ वर आली. दिवे परत लागू लागले तसे नऊ वाजून सत्तावीस मिनिटांनी ती पुन्हा १९,०१२ वर नेली गेली. आपल्याकडे रोजच्या गर्दीच्या वेळी हेच काम कोयना करते. सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे पाणी सोडून १,९६० मेगावॉटपर्यंत वीज देणारा हा प्रकल्प, गरज नसेल तेव्हा थांबवता येतो म्हणूनही मोलाचा आहे.

आता आठ वर्षं मागे जाऊ. ३० जुलै २०१२, पहाटेचे २ वाजून ३३ मिनिटं. मध्य प्रदेशातल्या बीना आणि ग्वाल्हेरच्या मधली ४०० केव्हीची वाहिनी ट्रिप झाली. पश्चिम ग्रिडकडून उत्तरेकडे वीज नेणारी ही महत्त्वाची वाट. तिची जोडीची वाहिनी क्षमता वाढवण्याच्या कामासाठी बंद होती. राहिलेल्या एकीवर भार वाढत गेला, व्होल्टेज उतरत गेलं. तार तुटली नव्हती, झाड टेकलं नव्हतं, शॉर्टसर्किट कुठेच नव्हतं. पण वाहिनीची राखण करणारा रिले फक्त व्होल्टेज आणि प्रवाह यांचं प्रमाण पाहतो. प्रवाह जास्त आणि व्होल्टेज कमी दिसलं की दूर कुठे तरी बिघाड आहे, असा अर्थ तो लावतो. त्याने तोच लावला आणि वाहिनी तोडली. शिकवलेलं काम त्याने चोख केलं. तिच्यावरची वीज मग पूर्वेकडून लांबच्या वाटेने उत्तरेत शिरू पाहू लागली, त्या वाटाही एकामागून एक ट्रिप झाल्या आणि उत्तर ग्रिड काळोखात गेलं. सुमारे ३६,००० मेगावॉटचा भार गेला.

दिवसभर खपून अभियंत्यांनी ते उभं केलं. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, दुपारी एक वाजता तीच बीना–ग्वाल्हेर वाहिनी तशीच ट्रिप झाली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड्स कोसळली. सुमारे ४८,००० मेगावॉट भार गेला. त्या प्रदेशात ६० कोटींहून अधिक माणसं राहत होती, म्हणजे तेव्हाच्या जगातला प्रत्येक बारावा माणूस. (त्यातल्या कित्येक कोटी लोकांच्या घरी मुळात वीज पोचलीच नव्हती, त्यांना त्या दिवशी काय वेगळं वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.) रेल्वेगाड्या आणि दिल्लीची मेट्रो जागच्या जागी थांबली. पश्चिम बंगाल आणि झारखंडच्या कोळसा खाणींत दोनशेहून जास्त कामगार जमिनीखाली अडकले, कारण त्यांना वर आणणाऱ्या लिफ्टला वीज नव्हती. सगळे सुखरूप बाहेर आले. ते जो कोळसा खणत होते तो याच विजेसाठी लागतो. बंद पडलेलं औष्णिक केंद्र पुन्हा सुरू करायलासुद्धा त्याचे पंप आणि पंखे चालवण्यापुरती बाहेरची वीज लागते, म्हणून अशा वेळी सुरुवात पुन्हा धरणांपासूनच होते.

महाराष्ट्रात दोन्ही दिवस दिवे चालू होते. उत्तरेला जाणारी वीज एकाएकी अडल्यावर पश्चिम ग्रिडमध्ये ती जादा झाली, फ्रिक्वेन्सी चढली, तेव्हा इथले काही संच स्वतःहून बंद पडले आणि बाकीचं ग्रिड तगलं. उलट उत्तरेत फ्रिक्वेन्सी पडताच आपोआप भार तोडणारे रिले बसवलेले होते. कागदावर त्यांची ताकद सुमारे १०,००० मेगावॉट होती. ऐन वेळी पुरेसा भार तुटलाच नाही. चौकशी अहवालातला हा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. सुरक्षा होती, तिची नोंदही होती, फक्त ती चालत नव्हती, आणि ती न चालण्याचा पत्ता गरज पडेपर्यंत लागत नाही.

मग सगळ्या शक्यता आधीच का तपासून ठेवत नाहीत? तपासतात. कोणताही एक घटक निकामी झाला तरी बाकीचं ग्रिड चाललं पाहिजे, हा जगभरचा नियम आहे. हिशेबाला सोपं म्हणून १०,००० घटकांचं एक ग्रिड धरू आणि एक शक्यता तपासायला एक सेकंद देऊ. एकेक घटक बंद करून पाहायला पावणेतीन तास लागतात. एका वेळी दोन बंद पडले तर? अशा जोड्या ४ कोटी ९९ लाख ९५ हजार होतात. वेळ साधारण एक वर्ष सात महिने. तीन बंद पडले तर १६,६६१ कोटींहून अधिक त्रिकुटं आणि ५,२०० वर्षांहून जास्त काळ. सिंधू संस्कृतीच्या नगरांच्या आधीपासून तपासायला बसलेला माणूस आजही बसलेलाच असता. चार बंद पडले तर १ कोटी ३२ लाख वर्षं. त्यात कोणता घटक आधी गेला आणि कोणता नंतर, हा क्रम अजून धरलेलाच नाही, आणि खऱ्या कोसळण्यात तर शेकडो घटक जातात. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात ६१,८०० मेगावॉट भार आणि ५ कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा ५०० हून अधिक वीजनिर्मिती संच बंद पडले होते. ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारं सॉफ्टवेअर दुपारीच गप्प झालं होतं आणि तासाहून अधिक वेळ ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटचा घसरगुंडीचा भाग दहा मिनिटांच्या आत संपला.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४ मध्ये ‘नॉर्मल अ‍ॅक्सिडेंट्स’ या पुस्तकात हेच मांडलं. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीतला १९७९ चा अपघात त्यांनी बारकाईने अभ्यासला होता. ज्या यंत्रणेत असंख्य भाग एकमेकांवर अनपेक्षितपणे परिणाम करतात आणि एकातला बिघाड दुसऱ्यात शिरायला मध्ये उसंतच नसते, तिथे अपघात हा यंत्रणेच्या घडणीतच असतो. पुढे इयान डॉब्सन, बेंजामिन कारेरास आणि डेव्हिड न्यूमन यांनी उत्तर अमेरिकेतल्या १५ वर्षांच्या वीजखंडांच्या नोंदी तपासल्या. माणसांच्या उंचीत सरासरीपासून फार दूरचा माणूस जवळपास सापडतच नाही. वीजखंडांचं तसं नाही. फार मोठे वीजखंड विरळ असतात, पण आपण धरतो तेवढे विरळ नसतात. त्याहून बोचणारा त्यांचा मुद्दा असा की छोटे बिघाड दाबत राहिलं आणि मोकळी झालेली क्षमता लगेच वापरून टाकली, तर मोठ्या कोसळण्याची शक्यता वाढू शकते.

दुसरं धक्कादायक गणित २०१० चं. त्याआधी, सप्टेंबर २००३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या एका वाहिनीजवळ झाड आलं आणि तासाभरात साडेपाच कोटींहून जास्त लोकांचा इटली अंधारला. वीजकेंद्र बंद पडलं की त्यावर चालणारं संदेशवहनाचं केंद्र बंद पडतं, आणि ते बंद पडलं की आणखी एक वीजकेंद्र आंधळं होतं. ही परस्परांवर विसंबलेली दोन जाळी सर्गेई बुल्दिरेव, श्लोमो हाव्हलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समीकरणांत मांडली. एकटं जाळं बिघाड वाढत जाईल तसं हळूहळू विस्कटत जातं. दोन जाळी एकमेकांवर टेकलेली असली, तर एका मर्यादेपर्यंत जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि मग एकाएकी सगळं संपतं. आज आपल्याकडे वीज, मोबाइलचे मनोरे, पाणीपुरवठ्याचे पंप, यूपीआय आणि रुग्णालयं अशी दोनाहून कितीतरी जास्त जाळी एकमेकांवर टेकून आहेत. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी स्पेनमध्ये व्होल्टेज चढत गेलं आणि पाचेक सेकंदांत सुमारे १५,००० मेगावॉट, म्हणजे तेव्हाच्या मागणीच्या साठेक टक्के वीज गेली. स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही बंद पडले.

मुंबईनेही हे पाहिलं आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास पडघे–कळवा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्या गेल्या आणि शहर थांबलं. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. बाहेरचं ग्रिड गेलं की ट्रॉम्बे आणि डहाणूच्या संचांच्या बळावर शहराने स्वतःला वेगळं काढून तगायचं, ही ‘आयलँडिंग’ची सोय इथे कित्येक वर्षांपासून आहे आणि पूर्वी तिने मुंबईला वाचवलंही आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. शहराच्या आत तयार होणारी वीज आणि शहराची भूक यांतलं अंतर वाढत गेलं, की बेट करून तगणं अवघड होतं. पुढे २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही नवी ४०० केव्ही वाहिनी सुरू झाली. ती आणखी आधी झाली असती तर बरं झालं असतं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

एरिक होलनागेल हे डेन्मार्कचे संशोधक सांगत आले आहेत की अपघातांइतकाच, न घडलेल्या अपघातांचा अभ्यास करा. मला हे पटतं. २०१२ च्या कोसळण्यानंतर दीड वर्षाच्या आत, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण ग्रिडही बाकीच्या देशाच्या तालात आलं. त्याने धोका वाढला असंही म्हणता येईल, कारण आता ठेका चुकला तर सगळ्यांचाच चुकेल. पण महाराष्ट्रातला एखादा मोठा संच पडला, तर त्याचा भार वाटून घ्यायला सबंध देश पाठीशी उभा असतो. त्यामुळे राखीव क्षमता किती, तिचा खर्च कोण देतं आणि आपोआप भार तोडणारे रिले खरोखर चालतात का, हे प्रश्न मला आणखी एका उपकेंद्राच्या उद्‌घाटनापेक्षा महत्त्वाचे वाटतात.

हे प्रश्न आता अधिक निकडीचे झाले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर क्षमता १,००,००० मेगावॉटवर गेली. सौर पॅनेल फिरत नाही. काही सेकंदांची जी सवलत फिरतं लोखंड देतं, ती त्याच्याकडे नाही. शिवाय रोज संध्याकाळी सूर्य मावळतो आणि दोनतीन तासांत हजारो मेगावॉटची जागा दुसऱ्या कुणाला तरी भरावी लागते, तेही घरोघरी दिवे लागायच्या वेळी. त्यासाठी पाणी वर चढवून ठेवण्याची जुनी युक्ती पुन्हा कामी येते आहे. अशा प्रकारचं २५० मेगावॉटचं केंद्र घाटघरला आहेच, आणि भिवपुरी नि शिरवटा इथे मिळून २,८०० मेगावॉटसाठी राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात २०२३ मध्ये करार झाला. अशा केंद्रांचे पंप पूर्वी मध्यरात्री चालवायचे, कारण विजेला तेव्हा गिऱ्हाईक नसे. सौरविजेमुळे आता पाणी वर चढवण्याची वेळ भर दुपारवर येऊ लागली आहे.