गायीसारखी उठणारी गाडी

गोठ्यात बसलेली गाय उठताना कधी नीट पाहिली आहे? आधी मागचे पाय ताठ होतात, पाठीला उतार येतो आणि मग पुढचा भाग वर येतो. आता गायीच्या जागी एक मोटार आणा. रात्रभर उभी राहून तिचं पोट जमिनीला टेकायला आलं आहे. मालक किल्ली फिरवतो, इंजिन सुरू होतं, काही क्षण काहीच घडत नाही. मग कोणीही हात न लावता गाडीची मागची बाजू सावकाश वर येऊ लागते. त्यामागून पुढची. दिव्याची खूण विझते आणि गाडी निघायला तयार होते.

ही सिट्रोएन डीएस. 1955 ते 1975 अशी वीस वर्षं फ्रान्समध्ये ती तयार होत होती, आणि बंद झाल्यावर अर्धं शतक उलटलं तरी जगभरातले तिचे मालक रोज सकाळी हा सोहळा डोळे भरून पाहतात. फ्रेंच माणसानं ‘डीएस’ ही दोन अक्षरं म्हटली की ‘देएस’ असं ऐकू येतं, आणि त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ आहे देवी!

5 ऑक्टोबर 1955. पॅरिसचं मोटार प्रदर्शन उघडलं. युद्धातून सावरणाऱ्या लोकांना गाडी म्हणजे उभट, काळा, दिवे बाहेर आलेला डबा एवढंच माहीत होतं. त्यांच्यासमोर अचानक हे आलं: लांबलचक, माशासारखं निमुळतं, पुढे जाळीचा पत्ता नाही, मागची चाकं निम्मी झाकलेली, स्टीअरिंगला एकच दांडी. पहिल्या पंधरा मिनिटांत 743 जणांनी गाडी नोंदवली. दिवस मावळेपर्यंत आकडा 12 हजारांवर गेला. हे रूप घडवणारा फ्लामिनिओ बेर्तोनी हा इटालियन शिल्पकार होता, हे कळलं की गाडीच्या अंगावरून फिरणारी ती सलग रेषा वेगळीच दिसू लागते. मातीत हात घालणाऱ्या माणसाची रेषा आहे ती.

पण खरी जादू त्या पत्र्याखाली आहे.

सायकलचा पंप घ्या. पुढच्या भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि दांडा खाली ढकला. सुरुवातीला सहज जातो, मग जड होतो, आणि हात सोडला की उसळून वर येतो. बघा, तुमच्या हातात स्प्रिंग आहे! पोलादाचा एक कणही न वापरलेली स्प्रिंग. डीएस अशाच स्प्रिंगवर उभी असते. प्रत्येक चाकाजवळ मोठ्या संत्र्याहून जरा मोठा, पोलादी गोळा. गोळ्याच्या आत मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला कोंडलेला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला तेल. चाक उंचवट्यावरून वर उचललं गेलं की ते तेलाला ढकलतं, तेल पडद्याला ढकलतं, वायू दबतो आणि उसळून परत येतो. पाटे नाहीत, वेटोळी स्प्रिंग नाही. शॉकअपसुद्धा वेगळा नाही, कारण तेल ज्या बारीक छिद्रांतून गोळ्यात येतं-जातं, तीच छिद्रं त्याची धाव रोखतात आणि गाडीला डुलू देत नाहीत.

नायट्रोजनच का? साधी हवा का नाही? हवेत ऑक्सिजन असतो, आणि तेलाशेजारी प्रचंड दाबाखाली ऑक्सिजन ठेवणं म्हणजे ठिणगीची वाट पाहणं. नायट्रोजन शांत स्वभावाचा, कुणाशी सहसा न भांडणारा. आपण प्रत्येक श्वासात घेतो त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग त्याचाच असतो. म्हणजे बघा, हे वाहन बहुतांशी आपल्याच श्वासातल्या वायूवर तोलून धरलेलं आहे.

आता पुढची गंमत. गाडीत एकटा माणूस बसला काय आणि पाच माणसं सामानासकट बसली काय, तिची उंची तेवढीच राहते. कशी? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल आठवा. पाणी उतरलं की बॉल खाली येतो, नळ उघडतो; टाकी भरली की बंद होतो. डीएसमध्ये अगदी हेच चालतं. गाडी दबली की एक दांडी झडप उघडते आणि पंप आणखी तेल आत पाठवतो. माणसं उतरली, गाडी वर आली की जादा तेल टाकीत परत. आणि ही झडप शहाणी आहे! प्रत्येक खड्ड्याला ती दचकत नाही. ओझं काही क्षण टिकलं, तरच हलते. क्षणिक धक्का कोणता आणि कायमचा भार कोणता, हे तिला कळतं. कॉम्प्युटर तर सोडाच, त्या गाडीत साधा ट्रान्झिस्टरही या कामाला नव्हता.

हे डोकं पॉल माजेस यांचं. सतराव्या वर्षी ते कंपनीत लागले, इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण नव्हतं. त्यांना आधी सोपवलं होतं ते ब्रेकचं काम. ओझं वाढलं की ब्रेकची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत कशी वाटायची, हा प्रश्न होता. शेवटी उत्तर त्यांच्याच तेलानं दिलं. मागच्या चाकांवर किती भार आहे, हे तिथल्या तेलाच्या दाबातच लिहिलेलं असतं. मग ब्रेकची वाटणी त्यालाच विचारून करायची! मूळ डीएसला ब्रेकचं नेहमीचं पेडलही नव्हतं. जमिनीवर अळंबीच्या टोपीसारखं रबरी बटण होतं, पायाच्या अंगठ्यानं चेपावं इतकं हलकं. स्टीअरिंग, क्लच, गिअर, सगळ्यांना एकाच पंपाचं तेल. टायरमध्ये साधारण 2 बार दाब असतो. या नळ्यांमध्ये 150 हून जास्त.

पंक्चर झालं तर? मालक एक दांडी ओढतो, गाडी टाचा उंचावल्यासारखी वर होते. बाजूला एक टेकू लावायचा आणि दांडी उलटी फिरवायची. गाडीला आता खाली बसायचं असतं, पण टेकू बसू देत नाही, म्हणून ती चाकं पोटाशी ओढून घेते. चाक जमिनीवरून सुटतं. जॅक फिरवून घाम गाळणं नाही. मागचं चाक काढलं तरी उरलेल्या तिघांवर ती चालते, हे लोक हौसेनं करून दाखवतात.

22 ऑगस्ट 1962 ला पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर बंदुकांचा वर्षाव झाला. टायर फुटले. गाडी तशीच वेगात निसटली, द गॉल आणि त्यांची पत्नी दोघंही सुखरूप. चालकाच्या कौशल्याबरोबर तेल-वायूच्या या सस्पेन्शनलाही त्याचं श्रेय आजवर दिलं जातं.

अशी गाडी घरी असणं म्हणजे काय असतं? तिची भाषा शिकणं. इंजिन चालू असताना बॉनेटखालून मधूनच ‘टिक’ असा आवाज येतो. तेलाचा दाब साठवणाऱ्या एका वेगळ्या गोळ्यात तो पुरेसा झाला की पंपाला विसावा देणाऱ्या झडपेचा तो आवाज. दोन टिकांमध्ये चांगली उसंत असेल तर तब्येत ठणठणीत. दर दोन-तीन सेकंदांना टिकटिक सुरू झाली, तर त्या गोळ्यातला वायू सरला. नाडीपरीक्षाच की! गाडीनं स्वतःचं दुखणं असं बोलून दाखवावं, हे मला तिच्या सगळ्या करामतींत मोठं वाटतं.

चाकांचे गोळे मात्र गप्प राहून फसवतात. फुगा रात्रभरात मलूल होतो ना, तसा नायट्रोजन वर्षानुवर्षं रबराच्या पडद्यातून झिरपत जातो. पण उंची राखण्याचं काम तेलाचं असल्यामुळे गाडी दिसायला झोकात उभी असते आणि रस्त्यावर बैलगाडीसारखी आदळते. म्हणून जाणते मालक इंजिन चालू ठेवून बंपरवर हातानं भार देतात. मऊ दबली तर ठीक. दगडासारखी लागली तर गोळे काढायचे, वायू भरून आणायचा किंवा नवे बसवायचे.

आणि रात्री ती खाली का बसते? कारण तिच्या झडपांमध्ये धातूवर धातू सरकतो आणि मधली फट दोन-तीन मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढी. त्या फटीतून तेलाचा पापुद्रा हळूहळू टाकीत परततो. तोच घर्षण टाळतो. तेव्हा तिचं बसणं हा बिघाड नाही, झोप आहे.

तेलाच्या बाबतीत मात्र ती क्षमा करत नाही. सुरुवातीचं लाल तेल हवेतली ओल शोषायचं, नळ्या आतून गंजायच्या. 1966 च्या सुमारास हिरवं खनिज तेल आलं आणि दुखणं सरलं. पण लालवालीत हिरवं किंवा हिरवीत लाल ओतलं, तर सगळी रबरं वाया. म्हणून नव्या पद्धतीचे भाग कंपनीनं हिरवे रंगवले. जुनी डीएस विकत घेणारा माणूस आधी वाकून रंग बघतो, किंमत नंतर विचारतो.

साडेचौदा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. त्यातल्या आंरी शाप्रों यांच्या कारखान्यात घडलेल्या, कंपनीच्या यादीतल्या उघड्या टपाच्या अवघ्या 1365. त्या आज दागिन्यांसारख्या जपल्या जातात. गोळ्यांची करामत रोल्स-रॉइसनंही परवान्यानं घेतली, सिट्रोएनच्या पुढच्या गाड्यांत ती 2017 पर्यंत टिकली. मग स्वस्त पोलादी स्प्रिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यापुढे ती थांबली.

पॅरिसमध्ये सेन नदीकाठी ज्या कारखान्यात डीएस तयार व्हायची, तो पाडून तिथे 1992 मध्ये आंद्रे सिट्रोएन यांच्या नावाचं उद्यान झालं. 1999 मध्ये त्या हिरवळीवर दोराला बांधलेला एक प्रचंड फुगा आला. आत कोंडलेल्या वायूच्या जोरावर तो माणसांना घेऊन सावकाश वर जातो, आणि सावकाश खाली येऊन बसतो.