अ‍ॅनिलीनमधली नीळ

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात अ‍ॅनिलीन भेटते. शुद्ध अ‍ॅनिलीन हा रंगहीन, तेलकट द्रव. हवेत राहिला की पिवळसर, मग तपकिरी होतो. निळेपणाचा मागमूस नाही. तरीही त्याच्या इंग्रजी नावात आपली ‘नीळ’ दडलेली आहे. ती तिथे गेली कशी?

संस्कृतातला ‘नील’ फारसीत गेला, तिथून अरबीत. अरबीत नामाआधी ‘अल्’ हे उपपद लागते. पण पुढे ‘न’ आला की ‘ल’चा उच्चार ‘न’ होतो. म्हणून ‘अल्-नील’ न म्हणता ‘अन्-नील’ म्हणतात. आपल्याकडे ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’ होतो, तशातलाच हा प्रकार. (अल्जिब्रा, अल्कोहोल या शब्दांत मात्र हा ‘ल’ टिकला आहे.) उपपद शब्दाला कायमचे चिकटले आणि स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांत निळीला ‘अनिल’ म्हणू लागले. वारा या अर्थाच्या आपल्या ‘अनिल’शी त्याचे काही नाते नाही, बरे का!

1826 मध्ये जर्मनीत उन्फरडॉर्बेनने निळीचे ऊर्ध्वपातन करून एक द्रव मिळवला. त्याचे क्षार सहज स्फटिकरूप होत, म्हणून त्याला ‘क्रिस्टलिन’ म्हटले. 1834 मध्ये रुंगेला दगडी कोळशाच्या डांबरात ‘क्यानॉल’ सापडले. 1840 मध्ये फ्रिट्झशेने नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवली आणि मिळालेल्या द्रवाला ‘अनिल’वरून ‘अनिलिन’ नाव दिले. 1842 मध्ये झिनिनने नायट्रोबेंझीनपासून ‘बेंझिडाम’ बनवले. ही चारही नावे एकाच पदार्थाची आहेत, हे हॉफमानने 1843 मध्ये दाखवले. टिकले ते निळीचे नाव.

पुढची गोष्ट मात्र शब्दकोशात सापडत नाही. 1897 मध्ये जर्मनीतल्या बी.ए.एस.एफ. कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. 1901 मध्ये फ्लेगरने ती अ‍ॅनिलीनपासून स्वस्तात बनवण्याची रीत शोधली. निळीतून निघालेल्या पदार्थापासून आता नीळच तयार होऊ लागली! नैसर्गिक निळीचे भाव कोसळले. बिहारमधील चंपारणात ‘तीनकठिया’ पद्धतीने कुळांना बिघ्यामागे तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावावीच लागे. नीळ परवडेना, तेव्हा मळेवाल्यांनी या सक्तीतून सोडण्याच्या मोबदल्यात कुळांचा सारा वाढवला किंवा रोख रक्कम उकळली. 1917 मध्ये गांधीजी चंपारणात गेले, ते याच कुळांच्या तक्रारी नोंदवायला.