चुकून उतरलो, म्हणून!

कोलोनला मुलाकडे निघालेली आमची जोडी वाटेत वुपरटालला उतरली, ती केवळ माझ्या शहाणपणामुळे. गाडी थांबली, डब्यातली बरीच माणसे उठली. मीही मोठ्या रुबाबात बॅगा खाली काढल्या. गाडी सुटल्यावर फलाटावरची पाटी वाचली!

"अहो, हे कोलोन नव्हे," सौ. एवढेच म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्या सुराचा अर्थ मला नीट कळतो. तिने पर्समधून ॲस्पिरिनची गोळी काढली आणि माझ्याकडे रोखून पाहत घेतली. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मला सुटायला सहा वाजतील, बाबा. उतरलाच आहात तर गाव बघून या."

प्रवाशांच्या यादीत ह्या गावाचे नाव सहसा नसते. वुपर नदीच्या चिंचोळ्या दरीत दाटीने वसलेली एल्बरफेल्ड, बार्मेन वगैरे गावे १९२९ साली एकत्र केली, तेच हे वुपरटाल; म्हणजे वुपरची दरी. आम्ही प्रथम एल्बरफेल्डच्या उत्तरेकडील चढावर निघालो. ह्या वस्तीला 'तेलाचा डोंगर' म्हणतात. खाली विजेचे दिवे आले, तरी इथल्या कामगारांच्या घरांत रॉकेलचेच दिवे जळत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. गल्ली संपली की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की गल्ली! सौ. प्रत्येक वळणावर थांबे. पण खिडक्यांतल्या कुंड्या पाहून तिच्या कपाळावरची आठी जरा सैलावली.

खाली आलो आणि लोंबत्या गाडीत बसलो. होय, लोंबती! दरीत रुळांना जागा नाही, म्हणून नदीच्या दोन्ही काठांवर लोखंडी तंगड्या रोवून वर रूळ टाकला आणि डबे खाली टांगले. १९०१ पासून ही गाडी चालते आहे, लांबी १३.३ किलोमीटर, स्थानके २०. वळणावर डबा झुलला, तशी सौ.ने माझा हात धरला. मी अर्थातच काही बोललो नाही. १९५० साली एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाचे हत्तीचे पिल्लू ह्या गाडीत चढवले. ते बिचारे बिथरले आणि भिंत फोडून थेट नदीत पडले. थोडेसे खरचटले, पण वाचले! हे ऐकून सौ. हसली. दिवसातले पहिले हसू.

बार्मेनमध्ये मात्र हसू मावळले. फ्रेडरिक एंगल्स १८२० साली इथे जन्मला, तो गिरणीमालकाच्या घरात. रंगशाळांच्या पाण्याने लाल झालेल्या वुपरचे आणि इथल्या कामगारांच्या दैन्याचे वर्णन त्याने अठराव्या वर्षीच लिहिले होते. १९४३ च्या मे महिन्यात एका रात्रीच्या बॉम्बवर्षावात बार्मेन जळाले, हजारो माणसे गेली. एंगल्सच्या आजोबांचे घर उरले. त्या घरासमोर आम्ही दोघेही बराच वेळ उभे होतो. आज खालची नदी स्वच्छ वाहते. इतकी की तिने काय काय वाहून नेले, ते कुणी सांगितल्याखेरीज कळू नये.

परतताना सौ. मोबाईलवर वाचू लागली आणि एकदम म्हणाली, "अहो, ऐका!" बायर कंपनी १८६३ साली बार्मेनमध्येच निघाली, तीही रंग बनवण्यासाठी. पुढे तिच्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत १८९७ साली जे औषध शुद्ध स्वरूपात तयार झाले, तेच ॲस्पिरिन! सकाळी माझ्या नावाने घेतलेली गोळी ह्याच गावची माहेरवाशीण निघाली.

"डोकं कसं आहे?" मी भीतभीत विचारले.

"उतरलं. पण आता कोलोनला मी सांगेन तेव्हाच उतरायचं."

मी मान डोलावली. मनात मात्र म्हटले, परतीच्या वाटेवर आणखी एखादे स्टेशन चुकायला हरकत नाही.