आधी पडदा, मग आज्ञावली

संगणकाच्या पडद्यामागे कितीही गहन गणित असो, वापरणाऱ्याला दिसतो तो पडदाच. त्याच्या लेखी तीच सारी प्रणाली होय. शिकागो येथे १९९९ साली स्थापन झालेल्या ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या छोट्या संस्थेने हे सूत्र आपल्या कामाचा पाया मानले. २००४ साली तिची ‘बेसकँप’ ही प्रणाली आली आणि २००६ साली ‘गेटिंग रिअल’ या पुस्तकात तिने आपली रीत सांगितली. प्रथम कागदावर ओबडधोबड रेखाटन, मग प्रत्यक्ष पडदा, अखेरीस त्यामागील आज्ञावली, असा तो क्रम. कागदावरची रेघ खोडणे सोपे. लिहून झालेली आज्ञावली मोडणे मोजक्या माणसांना परवडत नाही. पडद्याची तीन रूपे योजावीत, असाही तिचा आग्रह: नेहमीचे, रिकामे आणि चूक घडल्यावरचे. यांतील रिकाम्या रूपाचा विसर सहज पडतो; परंतु नवख्या माणसाची पहिली भेट त्याच्याशीच होते. तेथेच तो गोंधळला, तर पुढचे सारे श्रम वाया जातात.

२०१९ सालच्या ‘शेप अप’ या पुस्तकात या रीतीला काळाची चौकट मिळाली: एक डिझायनर, एक किंवा दोन प्रोग्रॅमर आणि सहा आठवडे. मुदत सहसा वाढत नाही. म्हणून अनावश्यक ते काम चालू असतानाच गाळावे लागते.